दोन टिंबं आणि एक रेघ

सध्या आमच्या घरात माझी थट्टा चालू आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी व्यंगचित्रं काढायला शिकतो आहे, आणि तीही कागदावर नव्हे, संगणकावर! सौभाग्यवतींचं म्हणणं असं की आयुष्यभर पोरांना "वहीत चित्रं काढू नका" म्हणून ओरडलात, त्याची ही शिक्षा. त्यात थोडं तथ्य आहे. ते कसं, ते शेवटी सांगतो.

झालं असं, की गेल्या दोन वर्षांत माझ्या उजव्या हाताला कंप सुटला आहे. चहाची बशी वाजते, सही बँकेच्या नोंदीशी जुळत नाही. फळ्यावरच्या ज्या अक्षराचं लोक कौतुक करायचे, ते अक्षर आता कोंबडीच्या पायासारखं येतं. दिवाळीच्या सुट्टीत नात आली होती. तिने माझी कुरकुर ऐकली आणि संगणकावर 'गिंप' नावाचा चित्रं काढायचा प्रोग्राम घालून दिला. तो फुकट मिळतो. म्हणाली, "आजोबा, हात थरथरतो ना, थरथरू दे. एक चेहरा काढायला काय लागतं? एक गोल, दोन टिंबं, एक रेघ."

मी इतिहासाचा मास्तर. एखादी गोष्ट शिकायची म्हणजे ती कुठून आली हे आधी बघायचं, ही जुनी खोड. म्हणून हात शिकत होता तेव्हा डोकं मागे मागे जात राहिलं, आणि जाऊन थांबलं ते थेट जिनिव्हातल्या एका मास्तरापाशी.

या मास्तरांचं नाव रोडॉल्फ टॉपफर. जन्म १७९९, मृत्यू १८४६. वडील नावाजलेले चित्रकार, मुलालाही चित्रकारच व्हायचं होतं. पण डोळ्यांच्या दुखण्याने ते स्वप्न मोडलं. मग या गृहस्थांनी मुलांसाठी एक वसतिशाळा काढली आणि आयुष्यभर शिकवलं. पुढे जिनिव्हाच्या अकादमीत ते साहित्याचे प्राध्यापकही झाले. सुट्टीत ते विद्यार्थ्यांना घेऊन आल्प्स पर्वतात पायी भटकायला जात. आणि १८२७ च्या सुमारास त्यांनी विद्यार्थ्यांच्या आणि मित्रांच्या करमणुकीसाठी चित्रांच्या गोष्टी काढायला सुरुवात केली. एका पट्टीत चार-पाच चौकटी, प्रत्येक चौकटीत एक प्रसंग, खाली दोन ओळी मजकूर. आज आपण ज्याला कॉमिक्स म्हणतो त्याचा आरंभ बरेच अभ्यासक इथूनच धरतात. म्हातारपणी गटेच्या हाती या वह्या पडल्या आणि त्या थोर जर्मन कवीने त्यांचं मनापासून कौतुक केलं. पुढे त्या छापल्या गेल्या. त्यांतली एक १८४२ साली इंग्रजीत होऊन अमेरिकेतही पोचली.

ती छापली कशी, हेही ऐकण्यासारखं आहे. आपल्याकडे जुन्या पोथ्या शिळाप्रेसवर छापत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. दगडावर सरळ लिहायचं तर सगळं उलटं लिहावं लागतं, आरशात दिसतं तसं. टॉपफरने निराळी पद्धत वापरली. खास तयार केलेल्या कागदावर साध्या बोरूने चित्र काढायचं आणि ते कागदावरून दगडावर उतरवायचं. म्हणजे हाताची रेघ जशीच्या तशी, तिच्या थरथरीसकट छापली जाते. मध्ये खोदकाम करणारा कारागीर नाही. काढणाऱ्याचा हात आणि वाचणाऱ्याचा डोळा यांच्यामध्ये कोणी नाही.

पण मला टॉपफर भावला तो १८४५ साली त्याने लिहिलेल्या एका लहानशा पुस्तकामुळे. विषय, चेहऱ्यांच्या रेघा. त्यात तो म्हणतो की चित्रकला न शिकलेल्या माणसानेही कागदावर कसाबसा एक चेहरा ओढला, तरी त्या चेहऱ्याला काही ना काही भाव असतोच. भाव नसलेला चेहरा काढताच येत नाही! मग त्याने प्रयोग करून दाखवले. डोकं तेच ठेवायचं, फक्त भुवई बदलायची. मग फक्त ओठ बदलायचे. मग नाक. दर वेळी निराळाच माणूस आपल्याकडे बघू लागतो. त्याने या खुणांचे दोन भाग पाडले. काही खुणा कायमच्या, म्हणजे कपाळाची ठेवण, नाकाचा आकार. त्या स्वभाव सांगतात. काही खुणा बदलत्या, म्हणजे हसणं, रडणं, कपाळावरची आठी. त्या त्या क्षणाचा भाव सांगतात. पुढे १९६० साली गॉम्ब्रिच या कलेच्या इतिहासकाराने आपल्या ग्रंथात या विचाराला 'टॉपफरचा नियम' असंच नाव दिलं.

या मास्तरांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. शाळकरी पोरं वहीच्या समासात आणि भिंतींवर जी काड्यांची माणसं काढतात, त्यांत पुष्कळदा घोटून काढलेल्या चित्रापेक्षा जास्त जीव असतो, अशा अर्थाचं. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. का, ते पुढे येईलच.

आता संगणकाकडे येऊ. माझी समजूत अशी होती की संगणक आधी हिशेबासाठी आला आणि चित्रं ही नंतर सुचलेली गंमत. तसं नाही. १९६३ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड नावाच्या पंचविशीच्या विद्यार्थ्याने पीएच.डी.साठी 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्राम लिहिला. खोलीभर पसरलेलं टीएक्स-२ हे यंत्र, आणि त्याच्या पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेघा काढायच्या. मुख्य उद्देश इंजिनियरांच्या आराखड्यांचा. पण त्याच प्रबंधात एका मुलीचा चेहरा आहे. तिचं नाव त्याने इजिप्तच्या राणीवरून ठेवलं, नेफर्टिटी. डोळे नसलेला चेहरा एकदाच काढून ठेवायचा आणि वेगवेगळ्या प्रकारचे डोळे बाजूला तयार ठेवायचे. डोळा बदलला की बाईसाहेब डोळा मारतात! यातून पुढे हलती व्यंगचित्रं करता येतील, हेही त्याने लिहून ठेवलं. म्हणजे संगणकावरच्या चित्रकलेच्या अगदी पाळण्यातच टॉपफरचा प्रयोग होता. डोकं तेच, डोळा निराळा.

गंमत बघा, त्याच १९६३ साली, त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात, वुस्टर गावातल्या हार्वी बॉल नावाच्या चित्रकाराने एका विमा कंपनीसाठी एक बिल्ला काढून दिला. पिवळा गोल, दोन डोळे, एक हसरी रेघ. मोबदला ४५ डॉलर. तोच चेहरा पुढे जगभर झाला. आणि १९८२ च्या सप्टेंबरात कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या स्कॉट फालमन या प्राध्यापकाने तर चित्रसुद्धा काढलं नाही. अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि कंस शेजारी शेजारी लिहिले आणि सांगितलं, मान वाकडी करून बघा, हसरा चेहरा दिसेल. व्याकरण शिकवणाऱ्या मास्तरांनी विरामचिन्हांचा असा उपयोग कधी स्वप्नातही पाहिला नसेल!

विषयांतर झालं. तर पुढे १९८४ च्या जानेवारीत ॲपल कंपनीचा मॅकिन्टॉश संगणक आला, आणि त्याच्यासोबत बिल ॲटकिन्सन यांनी लिहिलेला 'मॅकपेंट'. पेन्सिल, ब्रश, खोडरबर, रंगाची बादली, दोरीचा फास टाकावा तसं चित्राचा भाग निवडणारं साधन. आज कुठल्याही चित्रांच्या प्रोग्राममध्ये दिसणारी ही सामग्री तिथून घरोघरी गेली. ॲटकिन्सन यांची एक युक्ती तर मी गणिताच्या मास्तर मित्राला फोन करून सांगितली. त्या यंत्राला अपूर्णांकांची गणितं झटपट जमत नसत. मग वर्तुळ भराभर काढायचं कसं? त्यांनी प्राथमिक शाळेतली एक गोष्ट वापरली. विषम संख्यांची क्रमाने बेरीज केली की वर्गसंख्या मिळतात. १ आणि ३ मिळून ४, त्यात ५ मिळवले की ९, त्यात ७ मिळवले की १६. म्हणजे गुणाकार, वर्गमूळ काही नको, नुसत्या बेरजेवर वर्तुळ निघतं. मित्र दोन मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, "अरे, हे मी तीस वर्षं शिकवलं, आणि कशाला उपयोगी ते मला आज कळलं."

त्याच संगणकासाठी सुझन केअर या कलावतीने लहान लहान चिन्हं काढली. तिने कामाला सुरुवात केली ती चौकटींच्या वहीवर, आपला आलेखाचा कागद असतो तसल्या. उभ्या ३२ आणि आडव्या ३२ चौकोनांत जे बसेल ते चित्र. चौकोन काळा किंवा पांढरा, तिसरा रंग नाही. संगणक सुरू होताना पडद्यावर दिसणारा तो लहानसा हसरा संगणक तिचाच. हे काम मोझेक किंवा सुईकामासारखं आहे, असं तिने म्हटलेलं आहे. हे मी सौभाग्यवतींना वाचून दाखवलं, तर त्यांनी उठून कपाटातून लग्नाआधी विणलेला दोसुतीचा पोपट काढून माझ्यापुढे ठेवला. चौकट मोजा, टाका घाला, पुढच्या चौकटीवर जा. "आम्ही हे आधीच करत होतो" असा त्याचा अर्थ. मी काही बोललो नाही. ठिपक्यांच्या रांगोळीचा दाखला त्यांना सुचायच्या आत विषय बदलला.

१९८५ च्या नोव्हेंबरात विंडोज आलं, त्यातही 'पेंट' होतं. माझी त्याच्याशी पहिली भेट २००३ साली झाली, एमएस-सीआयटीच्या वर्गात. पन्नाशी ओलांडलेले आम्ही सगळे मास्तर, आणि शिकवायला विशीतली एक मुलगी. तिने पेंट उघडून दिलं आणि म्हणाली, "सर, एक घर काढा." मी काढलं. मग रंगाची बादली घेऊन घराच्या भिंतीवर ओतली, तर भिंतच काय, आकाश, जमीन, सगळा पडदा लाल! सगळे हसले. तिने समजावलं की घराच्या रेघेत कुठेतरी बारीकशी फट राहिली आहे. बादलीचा रंग एका ठिपक्यावरून शेजारच्या ठिपक्यावर जातो, तिथून त्याच्या शेजारी, आणि वेगळ्या रंगाची रेघ अडवेपर्यंत थांबत नाही. एका ठिपक्याची फट मिळाली तरी पसार. त्या दिवशी मी पेंट बंद केलं ते वीस वर्षं उघडलं नाही.

आता गिंपमध्ये काम करताना दोन गोष्टींनी मला तारलं. पहिली गोष्ट थरांची. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसं. खालच्या थरावर डोक्याचा गोल, त्याच्यावरच्या थरावर डोळे, त्याच्यावर भुवया, सगळ्यात वर तोंड. तोंड बिघडलं तर तेवढाच थर पुसायचा, बाकीचा चेहरा सुरक्षित. ही कल्पना संगणकाची नव्हे. १९१४ च्या सुमारास अमेरिकेत अर्ल हर्ड याने हलत्या चित्रांसाठी सेल्युलॉइडचे पारदर्शक कागद वापरायची रीत काढली, म्हणजे मागचा देखावा दर वेळी नव्याने काढायला नको. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० साली बाजारात आली, पण तिच्यात थर नव्हते. ते आले १९९४ साली. गिंप हा बर्कलीच्या विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेला प्रोग्राम, १९९६ साली सगळ्यांना मोफत मिळू लागला.

दुसरी गोष्ट म्हणजे वक्ररेषा, आणि माझ्या हाताला खरा आधार तिचाच. माऊसने रेघ ओढली की ती थरथरते. पण या साधनात रेघ ओढायचीच नसते. इथे एक बिंदू ठेवायचा, तिथे एक बिंदू ठेवायचा. दोन्ही बिंदूंना एकेक दांडी असते, ती ओढली की मधली रेघ वाकते, पतंगाची कामटी वाकवावी तशी. हात हलला? हलू दे. बिंदू उचलून परत जागेवर ठेवायचा. घाई नाही. रेघ शेवटी गुळगुळीतच निघते, कारण ती माझा हात काढत नाही, गणित काढतं.

या रेघेला बेझिए यांचं नाव आहे. पिअर बेझिए हे फ्रान्सच्या रेनॉ मोटार कंपनीतले इंजिनियर. १९६० च्या दशकात मोटारीच्या पत्र्याचे बाक यंत्राला कसे सांगायचे या प्रश्नातून त्यांनी ही रीत वापरली आणि प्रसिद्ध केली. पण त्यांच्या आधी, १९५९ साली, सित्रोएन या दुसऱ्या मोटार कंपनीत पॉल द कास्टेलजो यांनी हेच शोधलं होतं. कंपनीने ते गुपित ठेवलं. ज्याने जगाला सांगितलं त्याचं नाव लागलं, ज्याला सांगू दिलं नाही त्याचं मागे राहिलं. इतिहासात हे नेहमीचंच. पण मोटारीचा पत्रा वाकवायला निघालेली रेघ एका म्हाताऱ्या मास्तराच्या व्यंगचित्राचं नाक काढायला उपयोगी पडावी, ही मला मोठी गंमत वाटते.

आपल्याकडे हे सगळं हाताने, एका रेघेत करणारी माणसं होती. शि. द. फडणीस यांची शब्दाविना हसवणारी चित्रं आठवा. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या माणसाच्या शर्टावर मांजरं आणि शेजारच्या बाईच्या साडीवर उंदीर, हे 'मोहिनी'चं मुखपृष्ठ ज्यांनी पाहिलं ते विसरलेले नाहीत. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतही त्यांची चित्रं होती. पोरं गणिताचं पुस्तक आपण होऊन उघडतात, ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. १९२५ सालचा त्यांचा जन्म, २०२५ साली शंभरी पाहिली. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन तर चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा आणि मिशा एवढ्यावर उभा राहिला, आणि एक शब्दही बोलला नाही.

आता ती गोष्ट, जी सांगायची मी टाळत होतो.

१९८६ साल असेल. नववीचा वर्ग, फ्रेंच राज्यक्रांती चालू होती. मागच्या बाकावर हशा पिकला. जाऊन बघतो तर एका मुलाच्या वहीत माझं चित्र. केवढं तरी नाक, जाड चष्मा, हातात छडी. मी ते पान टरकावलं. तेवढ्यावर थांबलो नाही. सगळी वही फाडली, आणि वर्गासमोर म्हणालो की असल्या रेघोट्या ओढून पोट भरणार नाही. बाप त्याचा हमाली करायचा. नवी वही आणायला त्याला आठ दिवस लागले. ते आठ दिवस तो माझ्या तासाला नुसता बसून होता, आणि मी रोज पाहत होतो. एक वही मला देता आली असती. नाही दिली. मास्तरकी आडवी आली.

२०१९ साली त्या बॅचने मेळावा भरवला. तो भेटला, पाया पडला. तालुक्याच्या गावी त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. दिवसभर कोरल ड्रॉवर बसून वाढदिवसाचे, वास्तुशांतीचे, श्रद्धांजलीचे फलक करतो. म्हणजे त्याच बेझिएच्या रेघेवर त्याचं पोट भरलं, दोन मुलींची शिक्षणं झाली. त्याने जुना विषय काढला नाही. मीही काढला नाही. मेळाव्यातल्या जेवणाचं कौतुक करून घरी आलो.

गेल्या आठवड्यात मी गिंपमध्ये बसून त्याने काढलेलं ते चित्र आठवून काढायला घेतलं. डोक्याचा थर, चष्म्याचा थर, नाकाचा थर. नाक तर मला पक्कं आठवतं, ते झोंबलंच होतं इतकं. छडीही आठवते. मग तोंडाचा थर घेतला आणि हात थांबला. तोंड कसं काढलं होतं त्याने? रागावलेलं? की हसरं? टॉपफर म्हणतो, नाक ही कायमची खूण, ती स्वभाव सांगते. ओठांची रेघ त्या क्षणाचा भाव सांगते. रेघ वर गेली असेल तर ते चित्र चिडवण्याचं नव्हतंच, लोभाचं होतं. खाली आली असेल तर पोरगं मला घाबरत होतं. मी पुष्कळ आठवून पाहिलं. आठवणार कसं? मी ते पाहिलंच नव्हतं. नाक दिसलं आणि वही फाडली.

दोन थर केले. एकावर हसरं तोंड, एकावर रागीट. थरापुढचा डोळा मिटला की एक जातं, दुसरं येतं. बराच वेळ तेच करत बसलो होतो. सौभाग्यवती मागे येऊन उभ्या होत्या, ते कळलं नाही. म्हणाल्या, "दोन्ही तुम्हीच."

शेवटी दोन्ही थर काढून टाकले. चित्रात नाक आहे, चष्मा आहे, छडी आहे, तोंडाची जागा कोरी आहे. नातीने त्याच्या दुकानाचा नंबर शोधून दिला आहे. हे चित्र त्याला पाठवणार आहे. खाली एवढंच लिहिलं आहे, की तुझं चित्र मी फाडलं ते चुकलं. जमेल तसं परत काढलं आहे, तोंड तेवढं तू काढ.

अजून पाठवलेलं नाही. आज रविवार, दुकान बंद असेल. उद्या सकाळी नक्की.